माघारी फिरण्याचे शहाणपण
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



यंदाच्या स्नेहसंमेलनात मी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, सहकार, स्त्रीशिक्षण अशा विषयांवर अधिकारी विद्वानांनी विवेचन केले आहे. माझे आयुष्य गेले ते विमानांच्या दुरुस्तीच्या कार्यशाळेत, तेलावंगणाच्या वासात. माझ्यापाशी सांगण्याजोगे ते काय असणार? परंतु एका भगिनीच्या प्रश्नाने माझा संकोच दूर केला. आपल्या विद्यार्थी साहाय्यक निधीतून गेल्या वर्षी प्रथमच एका तरुणास वैमानिकाच्या शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज देण्यात आले. त्या मुलाच्या मातोश्री मला भेटावयास आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, लहान विमाने पडतात ती बहुधा उतरतानाच पडतात, असे वाचते. ते का? आणि माझ्या मुलाने काय केले म्हणजे त्याचे विमान पडणार नाही?" त्या वेळी मी त्यांना उडवाउडवीचे उत्तर दिले. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या माउलीला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर होय.

प्रारंभी एक जुनी आठवण सांगतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाची थैली घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला उतरले. विमान होते पुस मॉथ नावाचे, एका इंजिनाचे आणि आजच्या मानाने खेळण्यासारखे. आणि जुहूचा तो विमानतळ म्हणजे समुद्राकाठची चिखलवट जमीन! पावसाळा लागला की तेथे पाणी साचे. मग टाटांनी काय केले? चिखलातच विमान उतरविण्याचा पराक्रम त्यांनी केला नाही. पावसाळ्यापुरता त्यांनी आपला तळच उचलला आणि पुण्यास येरवड्याच्या मैदानावर नेला. जेथे उतरता येत नाही तेथे उतरावयाचे नाही, हा या देशातील नागरी विमानविद्येचा पहिला धडा होय. तो त्यांनी आरंभीच गिरविला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विमान उतरविणे इतके अवघड का?

मोठ्या जेट विमानांच्या अपघातांची जी कोष्टके विमान बांधणारे प्रसिद्ध करतात, त्यांवरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रवासाच्या एकंदर वेळेपैकी शेवटचा उतरणीचा आणि जमिनीस टेकण्याचा भाग जेमतेम शेकडा चार. पण जीवघेण्या अपघातांपैकी जवळजवळ निम्मे या अल्पशा वेळात घडतात. छोट्या विमानांच्या उतरण्यातही पेच तोच असतो. आकाशात विमान उंच असते, वेगात असते. उंची आणि वेग या दोन्ही त्याच्या ठेवी. काही चुकले तर त्या ठेवी मोडून वेळ निभावून नेता येते. उतरताना मात्र वैमानिकास या दोन्ही ठेवी मुद्दाम खर्च करावयाच्या असतात, आणि त्याही अशा हिशेबाने की धावपट्टीच्या आरंभाशी पोहोचताच शिल्लक नेमकी शून्यावर यावी. आधी संपली तर विमान अलीकडे पडते. उरली तर पट्टी ओलांडून पलीकडे जाते.

हा हिशेब किती बारीक असतो पाहा. विमानांची नेहमीची उतरण सुमारे तीन अंशांची असते; म्हणजे सागरी मैलागणिक सुमारे तीनशे फूट उंची कमी होते. चार माणसांचे शिकाऊ विमान ताशी सुमारे १२० किलोमीटर वेगाने धावपट्टीकडे येते. वेग दहा टक्क्यांनी अधिक ठेवला तर विमानाच्या अंगातील जोर दहा टक्के नव्हे, एकवीस टक्क्यांनी वाढतो. कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तेवढा अधिक जोर मग ब्रेकांनी जिरवावा लागतो. उलट वेग फार कमी केला आणि नाक वर उचलून धरले, तर पंखांवरून वाहणारी हवा पंख सोडून देते आणि पंखांची उचल एकाएकी ढासळते. हजार फुटांवर हे घडले तर विमान कदाचित सावरता येते. दोनशे फुटांवर घडले तर सावरावयास जागा नसते. वळणात हे संकट अधिक लवकर येते. साठ अंश कलून, उंची न सोडता घेतलेल्या वळणात पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि ज्या वेगास पंख ढासळतात तो वेग एकेचाळीस टक्क्यांनी वाढतो. धावपट्टीच्या रेषेच्या पुढे गेलो हे ध्यानात येऊन जो वैमानिक घाईने विमान मागे ओढू पाहतो, तो नेमका या सापळ्यात सापडतो.

यावर उपाय नाही असे नाही. विमानविद्येने एक साधा नियम घालून दिला आहे. ढगात वा अंधुक हवेत एक हजार फुटांवर, आणि स्वच्छ हवेत पाचशे फुटांवर विमानाची दिशा, वेग, उतरण आणि चाके हे सर्व ठीक बसलेले असले पाहिजे. नसेल तर वाद घालावयाचा नाही. इंजिनास जोर द्यावयाचा आणि पुन्हा वर जावयाचे. त्याचप्रमाणे प्रत्येक विमानतळाच्या नकाशावर एक किमान उंची छापलेली असते. त्या उंचीपर्यंत यंत्रांच्या भरवशावर खाली यावे. तेथे धावपट्टी डोळ्यांना दिसली तरच पुढे उतरावे. न दिसल्यास वर जावे. नियम शाळकरी पोरालाही समजेल असा आहे. मग अपघात का होतात?

याचे उत्तर मला एका चौकशी-अहवालात मिळाले, आणि तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे. प्रसंग अमेरिकेतील आहे. पण ऐकताना आपणांस तो आपल्याच घरचा वाटेल.

कोलोरॅडो राज्यात ॲस्पेन नावाचे बर्फावरच्या खेळांचे गाव आहे. तेथील विमानतळ ७,८२० फूट उंचीवर, रोअरिंग फोर्क नदीच्या अरुंद खोऱ्यात वसलेला असून सभोवार त्याहून हजारो फूट उंच डोंगर आहेत. इतक्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक पंचमांशाने विरळ असते. त्यामुळे यंत्रात वेग नेहमीचाच दिसत असला तरी खरा वेग सुमारे एक अष्टमांशाने अधिक असतो. २९ मार्च २००१ रोजी कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस येथून एक खासगी जेट विमान ॲस्पेनला निघाले. ते भाड्याने घेतलेले गल्फस्ट्रीम जातीचे विमान होते. एका गृहस्थांनी आपल्या पाहुण्यांसाठी ते ठरविले होते. प्रवासी पंधरा, वैमानिक दोन आणि एक परिचारिका, असे अठरा जीव त्यात होते.

त्या विमानतळावर आवाजाच्या कारणास्तव या जातीच्या विमानांना सूर्यास्तानंतर तीस मिनिटांपर्यंतच उतरण्याची मुभा होती. त्या दिवशी सूर्यास्त ६ वाजून २८ मिनिटांनी. म्हणजे मुदत ६ वाजून ५८ मिनिटांपर्यंत. वैमानिकांना हे ठाऊक होते. परंतु प्रवासी मंडळी उशिरा आली आणि विमान ठरल्या वेळेपेक्षा सुमारे चाळीस मिनिटे उशिरा निघाले. ॲस्पेनला पोहोचता आले नाही तर दुसरीकडे उतरावे लागेल, असे यजमानांच्या कानी जाताच ते संतापले. विमान दुसरीकडे वळवावयाचे नाही, असा निरोप त्यांनी आपल्या साहाय्यकाकरवी विमान कंपनीस पाठविला. खुद्द मुख्य वैमानिकही कंपनीच्या माणसाशी बोलताना म्हणाला की, ॲस्पेनलाच उतरणे महत्त्वाचे आहे, कारण यजमानांनी भोजनावर बराच खर्च केला आहे.

श्रोते हो, हे वाक्य आपण नीट ध्यानात ठेवावे. अठरा माणसांच्या जिवाच्या हिशेबात एका जेवणावळीचा खर्च येऊन बसला, तो येथे.

विमान ॲस्पेनजवळ आले तेव्हा अंधार पडत होता, ढग होते, हलका हिमवर्षाव चालू होता. त्यांच्या आधी आलेल्या विमानांपैकी काहींना धावपट्टी न दिसल्यामुळे परत वर जावे लागले होते. अशा स्थितीत एक प्रवासी वैमानिकांच्या कक्षात येऊन तेथील जादा आसनावर बसला. तेथील किमान उंची होती १०,२०० फूट. विमान तिच्या खाली गेले. नियंत्रकाने विचारले, धावपट्टी दिसते काय? दिसते, असे उत्तर गेले. पुढे चौकशी करणाऱ्यांचा निष्कर्ष असा झाला की, त्या उंचीखाली जाण्यास आवश्यक तसे धावपट्टीचे दर्शन त्यांना झालेलेच नव्हते. खाली जाण्याचा वेग फार आहे, असा इशारा यंत्राने बोलून दिला. ७ वाजून १ मिनिट ५७ सेकंदांनी विमान धावपट्टीच्या सुमारे २,४०० फूट अलीकडे उतारावर आदळले. अठरांपैकी एकही वाचला नाही. आणि ज्या मुदतीसाठी एवढी धावपळ, ती तर टळून जवळजवळ चार मिनिटे झाली होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००२ साली आपला निर्णय दिला. मुख्य कारण एकच सांगितले: धावपट्टीचे योग्य दर्शन झाले नसता वैमानिकांनी विमान किमान उंचीच्या खाली नेले. परंतु मंडळ तेवढ्यावर थांबले नाही, आणि मला त्याचेच मोठे कौतुक वाटते. साहाय्यक कारणे म्हणून त्याने आणखी काही गोष्टी नोंदविल्या. रात्री त्या पद्धतीने तेथे उतरू नये अशा आशयाची सरकारी सूचना दोनच दिवस आधी निघाली होती. पण तिची शब्दरचना संदिग्ध होती, आणि ती त्या विमानतळाच्या नियंत्रण-मनोऱ्यापर्यंत पोहोचविलीच गेली नव्हती. अंधार आणि हवामान यांमुळे डोंगर दिसत नव्हते. आणि शेवटी, निघण्यास झालेला उशीर, रात्रीची बंदी व यजमान यांच्यामुळे मुख्य वैमानिकावर उतरण्याचे दडपण आलेले होते. इंजिन बिघडले होते, पंख मोडला होता, असे कारण या यादीत कोठेही नाही.

आम्हा कार्यशाळेतील माणसांची अशी समजूत असते की, प्रत्येक पेच घट्ट पिळला, प्रत्येक नळी तपासली, म्हणजे विमान सुरक्षित झाले. हा अहवाल वाचला आणि माझी ती समजूत गेली. यंत्र धडधाकट असूनही माणसे मेली. त्यांना मारणारी वस्तू कोणत्याही पान्याने घट्ट होणारी नव्हती. ती होती भीड!

येथे मला माझ्याच एका अपराधाची कबुली द्यावयाची आहे.

कित्येक वर्षांपूर्वी माझ्या भाच्याचे लग्न होते. वऱ्हाड कोल्हापुराहून रत्नागिरीकडे निघाले. ज्येष्ठ महिना, पावसाची नुकतीच सुरुवात. मी नवरदेवाचा मामा. म्हणजे माझ्या तोऱ्यास काय विचारता! मंडळींच्या आवराआवरीत निघावयास दीड तास उशीर झाला आणि मुहूर्त तर दुपारचा. आंबा गावाशी पोहोचलो तो घाटाच्या तोंडाशी धुके असे दाटलेले की बसच्या नाकापुढे काही दिसेना. ड्रायव्हरने गाडी एका चहाच्या दुकानाशी उभी केली. मी खाली उतरून त्याच्यावर ओरडलो, "अहो, मुहूर्त टळेल! तुम्हांला भाडे कशाचे दिले आहे?" तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मला पुढचं दिसत नाही. दिसल्याबिगर गाडी हलायची नाही." मी रागावलो, पोरीकडची मंडळी काय म्हणतील ते ऐकविले, पुन्हा तुम्हांला काम देणार नाही असेही बजावले. तो चहा पीत बसला. पावणेदोन तासांनी धुके विरळ झाले आणि आम्ही घाट उतरलो. दुपारचा मुहूर्त गेला. लग्न गोरज मुहूर्तावर लागले, यथासांग पार पडले. आज त्या दांपत्याची मुलगी महाविद्यालयात आहे. पण त्या दिवशी मी त्या ड्रायव्हरची बक्षिसी कापली. चाळीस माणसांसमोर कापली.

आपण विचाराल, त्या धुक्यात पुढे काही आडवे होते काय? एखादी दरड पडली होती काय? नाही. काहीच आढळले नाही. आणि म्हणूनच मला माझे वागणे त्या वेळी योग्य वाटले. पुष्कळ वर्षांनी ॲस्पेनचा तो अहवाल हाती पडला तेव्हा माझ्या ध्यानात आले की, माघारी फिरणाऱ्याचे दुर्दैव नेमके हेच आहे. जो पुढे जातो आणि पडतो, त्याची चूक साऱ्या जगास दिसते. जो थांबतो, त्याचा शहाणपणा कधीच सिद्ध होत नाही. कारण न घडलेल्या अपघाताचा पंचनामा होत नसतो. त्याच्या पदरी पडतो तो केवळ उशीर, खर्च आणि यजमानांचा रोष. मग त्याने पुढच्या खेपेस थांबावे तरी कशासाठी? त्याला थांबण्याचे बळ आपण दिले नाही, तर दुसरे कोण देणार?

त्या ड्रायव्हरचा शोध घेण्याचा मी पुढे प्रयत्न केला. तो सापडला नाही. त्याची बक्षिसी माझ्याकडे देणे आहे.

आपल्याकडील एक अलीकडचा प्रसंगही येथे सांगतो. १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेले एक छोटे खासगी जेट विमान मुंबईच्या विमानतळावर मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीवरून बाजूस घसरले आणि मोडले. दृष्टीची मर्यादा त्या वेळी सुमारे सातशे मीटर होती. आत आठ माणसे होती. ईश्वरकृपेने सर्व वाचली. त्या प्रसंगी कोणी कोणावर दडपण आणले असे माझे म्हणणे मुळीच नाही. परंतु मुंबईचा पाऊस आपणां सर्वांस ठाऊक आहे. अशा पावसात, 'विमान अर्धा तास घिरट्या घालणार आहे' किंवा 'दुसऱ्या गावी उतरणार आहे' अशी घोषणा झाली की आपण प्रवासी कसे कुरकुरतो, तेवढे प्रत्येकाने आठवून पाहावे.

तर आता त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर. ताई, आपण समोरच बसला आहात. आपल्या मुलाने वेगाचे आणि उतरणीचे गणित शिकावे. ते त्याचे शिक्षक त्याला शिकवतीलच. किमान उंचीचा नियम त्याने गायत्रीमंत्रासारखा जपावा. सहवैमानिक असेल तेव्हा वरिष्ठांचा मान राखूनही 'साहेब, पट्टी दिसत नाही, वर चला' असे स्पष्ट म्हणावे. आणि स्वतः वरिष्ठ होईल तेव्हा तसे म्हणणाऱ्याचे आभार मानावेत. निघतानाच दुसरा विमानतळ मनाशी नक्की करावा, आणि तिकडे जाणे म्हणजे हार नव्हे, तोही ठरविलेलाच मार्ग, असे समजावे. परंतु एवढे करूनही त्याचे अर्धेच काम होते. उरलेले अर्धे आपणां सर्वांचे आहे.

म्हणून या सभेस माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली विनंती विद्यार्थी साहाय्यक निधीच्या विश्वस्तांस. कर्जाच्या करारात शिक्षण अमुक महिन्यांत पुरे झालेच पाहिजे अशी अट आपण सद्‌हेतूने घातली आहे. उड्डाणाचे तास हवामानावर अवलंबून असतात. कर्जाच्या तारखेसाठी आपला मुलगा वाईट हवेत आकाशात जाता कामा नये. ती अट काढून टाकावी. दुसरी विनंती प्रत्येक कुटुंबप्रमुखास. लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी असो, यात्रेची बस असो वा आपल्याच मुलाची मोटार असो, चालविणारा 'दिसत नाही' म्हणाला की त्यापुढे मुहूर्ताचे नाव काढावयाचे नाही. गोरज मुहूर्त आपल्या पूर्वजांनी उगाच ठेवला नसावा! आणि तिसरी विनंती घरातील स्त्रियांस. उशिरा पोहोचलेल्या माणसास 'इतका उशीर का?' असे विचारण्याआधी 'आलात, बरे झाले' एवढे म्हणावे. या तीन शब्दांनी किती अपघात टळत असतील, त्याची गणती कोणत्याही कोष्टकात सापडावयाची नाही.

आपल्या ज्ञातीत कोणी परीक्षेत पहिला आला, कोणी परदेशी गेला, कोणी मोठ्या हुद्द्यावर चढला, तर स्मरणिकेत त्याचे छायाचित्र छापून येते. ते योग्यच आहे. परंतु केव्हा तरी असाही दिवस यावा की, अमुक एका तरुण वैमानिकाने धावपट्टी न दिसल्यामुळे विमान दुसऱ्या गावी उतरविले, प्रवाशांचा रोष सोसला, आणि सर्वांना दुसऱ्या दिवशी सुखरूप घरी पोहोचविले, अशी चार ओळींची बातमी आपण या पानांत आनंदाने छापू. त्या बातमीसाठी मी वाट पाहीन.